पावसात टाकलेले नंबर

६ जुलै १९९९, मंगळवार
सकाळपासून झड. तरी निघालो. पळसटोल्याच्या कोशाच्या रानातली ऐनाची झाडं मोजून एकेकावर नंबर टाकायचा हुकूम एप्रिलातच आला होता. "मे अखेर पूर्ण करावे." केलं नाही. डांबराचा डबा मागितला तर फॉरेस्ट ऑफिसातल्या बाबूने अर्ज तीनदा परत केला, नमुना चुकला म्हणून. मग मीही त्याच्या नाकावर टिच्चून दोन महिने अर्जच केला नाही. काल मोठ्या साहेबांचा निरोप: यादी कुठे आहे? आता भर पावसात गुडघाभर चिखल मी तुडवतोय. बाबू पंख्याखाली बसलाय.

पद्धत नेहमीचीच. मडावी, म्हणजे माझा गार्ड, छातीच्या उंचीला कुऱ्हाडीने वीतभर साल तासतो, मी तिथे डांबराने आकडा काढतो. ओल्या लाकडावर डांबर धरत नाही, ओघळतं. ४ चा ९ झाला. मडावी म्हणाला, "साहेब, बरसातीत झाडाले घाव देऊ नाई म्हंते जुने लोक." म्हटलं, जुन्या लोकांना मेमो येत नाहीत.

८ जुलै
संपलं. एकूण १८६. बारीक खोडाचे सोडून दिले, मापात बसत नाहीत. शेवटचा नंबर नाक्यावरच्या ऐनाला टाकला, माझ्या क्वार्टरसमोरच्या. तो रानाबाहेर आहे, पण सर्व्हे नंबर तोच.

रजिस्टरात तारीख २८ मे टाकली. सगळेच टाकतात. सर्दी झालीय, घसा बसलाय, आणि याबद्दल कोणी शाबासकी देणार नाही हे माहीत आहे.

२२ ऑगस्ट, रविवार
रानात गेलो होतो. ऐन आजारी पडलेत. एकदोन नाही, बरेच. साल काळी पडून फुगलीय, दाबली की भुसभुशीत, आणि फटीतून काळपट पाणी गळतंय. वास आंबलेल्या कण्यांसारखा. काही झाडांची वरची पानं आताच पिवळी.

सहा वर्षं ओरडतोय. पळसटोला हा ढिवरांचा टोला, बावीस घरं. वर्षभर तळ्यात मासे धरतात आणि पोळ्यानंतर या ऐनांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे सोडतात. परवाना आमच्या ऑफिसचा, दर साल नवा. किड्यांना कोवळा पाला लागतो म्हणून फाल्गुनात अख्खं झाड डोक्याच्या उंचीवर छाटून टाकतात. दर साल झाडाचं मुंडकं उडवाल तर झाड आजारी पडणार नाही तर काय बाळसं धरणार?

टोल्याचा म्होरक्या सोनबाभाऊ. त्याला तिथेच उभं करून दाखवलं. तो म्हणे, "आजापासून छाटून राह्यलो साहेब. झाड मरत असतं तं आमी कायले छाटलो असतो? आमचंच पोट हाये त्याच्यावर." छाटलेल्या जागी शेणमाती लिंपतात, तेही दाखवलं मोठ्या कौतुकाने. मी म्हटलं, शेणाने रोग बरे होत असते तर दवाखान्यांना कुलपं लागली असती. आवाज जरा चढलाच माझा.

सालीचे तुकडे पुडीत बांधून प्रयोगशाळेला पाठवले. उत्तर येईल तेव्हा येईल.

४ सप्टेंबर
जीप निवडणुकीच्या कामाला गेली. सायकलवर फिरतोय या वयात.

रिपोर्ट लिहिला. तीन प्रतींत. "सततच्या छाटणीमुळे ऐन वृक्षांस सालीचा रोग जडला असून, पळसटोला येथील कोसा उत्पादकांचा परवाना पुढील वर्षापासून रद्द करण्यात यावा." वाचून पाहिला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूपच बरं वाटलं.

चंद्रपूरहून बायकोचं, कुंदाचं पत्र. मुलगी फिजिक्सच्या परीक्षेत नापास झालीय. निकाल लागून वीस दिवस झाले म्हणे. घरात मी कोण आहे हे तरी मला एकदा कळवा.

१४ सप्टेंबर
काल टोल्यात किडे झाडांवर सोडले. आज पाहायला गेलो तर बांधावर अडवलं. मला. माझ्या बीटात.

कारणं दोन. एक, मी दाढी करतो. दोन, मी मासे खातो. कोसा निघेपर्यंत रानात जाणाऱ्या माणसाने दाढी-कटिंग करायची नाही, मासे-मटण खायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही. आणि मी मासे खाल्ले हे यांना कसं कळलं, तर सोनबाभाऊची भावजय सगुणाबाई हिनेच काल सकाळी माझ्या दारात आणून विकले. अर्धा किलो. विकणार हेच आणि अडवणार पण हेच.

सगुणाबाई बांधावरच टोपली घेऊन बसली होती. म्हणे, "मी बी नाई जात साहेब. बाईले मनाईच हाये. माझ्या वाट्याची झाडं दीरभाऊ पाह्यते." नवरा गेल्यापासून तिची आठ झाडं आहेत म्हणे. मी विचारलं, तुला राग नाही येत? तर हसली आणि म्हणाली, येते ना.

मडावीने मात्र आठवडाभर आधीच मासे सोडलेत. तो आत जाऊ शकतो. गणवेशात दाढी वाढवून फिरतोय. कारवाई करायला हवी.

२७ सप्टेंबर, सोमवार
मोठ्या साहेबांचं पत्र. रिपोर्ट मान्य. चालू पीक निघू द्यावं, त्यानंतर परवाना रद्द. नोटीस माझ्या हातूनच बजावायची.

दुपारी बांधावर गेलो. सोनबाभाऊ आणि बाकीचे बाहेर आले, सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. नोटीस वाचून दाखवली. अर्थ समजावून सांगितला, पुढच्या वर्षी हे रान बंद. एक शब्द नाही कोणाचा. सोनबाभाऊने कागदाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली, "ठीक हाये" म्हणाला, आणि सगळे माघारी वळून कावळे हाकलायला गेले.

मी सायकलवर येताना सगळी उत्तरं तयार करून आलो होतो. छाटणीबद्दल, कायद्याबद्दल, त्यांच्या आजाबद्दल. कोणी काही विचारलंच नाही. माणसाने भांडावं तरी. बावीस घरांचं पोट जातंय आणि म्हणे ठीक हाये. परत येईपर्यंत डोकं भणभणत होतं.

१ ऑक्टोबर
प्रयोगशाळेचं पत्र आलं. सालीत शिरणारी बुरशी आहे. निरोगी सालीतून सहसा शिरत नाही, जखम लागते. कोरड्या दिवसांतली जखम झाड बहुधा भरून काढतं. पावसाळ्यातली ओली जखम सर्वांत धोक्याची. एकच हत्यार न धुता झाडामागून झाडावर चालवलं तर रोग हत्याराबरोबर जातो. खाली प्रश्न: "कृपया वृक्षांना पावसाळ्यात काही इजा झाली होती का ते कळवावे."

फाल्गुन कोरडा असतो. शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

पत्र रजिस्टराखाली ठेवलं. म्हटलं, या लोकांना बसल्या जागी लिहायला काय जातं. रानात येऊन बघा म्हणावं.

३ ऑक्टोबर, रविवार
सकाळी दारात दात घासत उभा होतो. समोर नाक्यावरचा ऐन. नंबर १८६. आकड्याखालून काळं पाणी गळतंय.

या ऐनाला कोणी कधी छाटलेला नाही. कोयता लागलेला नाही. शेंड्यापर्यंत धड आहे. त्याला माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून, एकच जखम झाली. तोंडातला फेस तसाच ठेवून उभा राहिलो. मग तोंड धुऊन चाकूने आकड्याच्या कडेची साल उचकटली. आतून तपकिरी, ओली, नखाने निघते. वर आणि खाली हातभर पसरलंय.

रजिस्टर घेऊन बांधावर गेलो. मडावीला आत पाठवला आणि एकेक झाड बघून ओरडून सांगायला लावलं. मी बाहेर उकिडवा बसून खुणा करत होतो. एक ते सत्तावीस, चांगली. अठ्ठावीसला रोग. तिथून पुढे, मधला पट्टा सोडला तर, जवळजवळ सगळी. पहिल्या दिवशी आम्ही नाल्याच्या काठाने गेलो, मग पाऊस वाढला म्हणून मधला पट्टा सोडून टेकडीकडे गेलो आणि मधल्या पट्ट्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड बदलून सुरुवात केली. रोग आमच्याच पावलांनी गेलाय. नाल्याने, मग टेकडीवर. मधला पट्टा चांगला आहे. तो संपल्यावर पहिलीच कुऱ्हाड पुन्हा घेतली होती, १८६ ला तीच लागली.

आणि ज्यांना बारीक म्हणून सोडलं, तेही याच लोकांनी छाटलेले, त्याच फाल्गुनात, त्याच कोयत्याने. आजारी झाडांच्या मधोमध उभे आहेत. "याले काई नाई साहेब. याले बी नाई." मडावी एवढंच सांगत राहिला. ६ जुलैला तो काय बोलला होता ते त्याने काढलं नाही. काढलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशीचा कागद मीच तीन प्रतींत लिहिलाय.

४ ऑक्टोबर
रात्रभर झोप नाही. सकाळीच बांधावर गेलो, सोनबाभाऊला बोलावून घेतलं. असलं काही बोलायची सवय नाही मला, म्हणून एका दमात बोललो. म्हटलं, झाडं तुमच्या छाटणीने नाही, माझ्या नंबरांनी आजारी पडलीत. चूक माझी आहे.

"मालूम हाये."

कधीपासून मालूम आहे, विचारलं.

"पंधरा दिस झाले असन. दिवसभर झाडाखालीच बसून राह्यतो आमी. नंबराखालूनच पानी येते. ज्याले नंबर नाई ते झाड चांगलं हाये. दिसतेच ना."

"मग मी नोटीस घेऊन आलो तेव्हा का नाही बोलला?"

"बोललो असतो तं तुमी भांडले असते."

"मग भांडायचं."

"किडे झाडावर हायेत साहेब. किडे असले म्हंजे रानात भांडण चालत नाई. दाढी करत नाई, मासोळी खात नाई, तसं भांडत बी नाई. आवाज चढला का पीक जाते." मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "अन् तुमचा आवाज तं तळ्याच्या पल्याड आयकू येते."

मी म्हणणार होतो, अरे बाबा, परवाना जातोय, त्यापुढे आवाजाचं काय. म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने हाताचा पंजा वर केला, लहान मुलाला करतात तसा. कारण आवाज चढला होता.

गप्प बसलो. राग आला, पण तो कोणावर काढू हे कळेना. ही बावीस माणसं माझ्या तोंडाला भिऊन, किड्यांना जपत, माझा खोटा आरोप खिशात घेऊन आठवडाभर कावळे हाकलत होती. लाज वाटली. अजून वाटतेय.

५ ऑक्टोबर
आजारी झाडांचा पाला सुकत चाललाय. त्यांच्यावरचे किडे उचलून चांगल्या झाडांवर न्यायला हवेत, नाही तर उपाशी मरतील. म्हटलं, आजच न्या. तर नाही. किडे झोपेत आहेत. कात टाकायच्या आधी दोन-तीन दिवस किडा हलत नाही, खात नाही, तेव्हा त्याला हात लावला तर मरतो. "उठू द्या साहेब," सोनबाभाऊ म्हणतो. इकडे आभाळ भरून आलंय आणि मी किडे उठायची वाट बघतोय. सरकारी नोकरीत हेही लिहिलेलं होतं.

८ ऑक्टोबर
उठले. काल-आज डहाळीसकट कापून, मधल्या पट्ट्यातल्या आणि बिननंबरी झाडांवर बांधले. मी बांधावरून बघत होतो. मला आत जाऊन एक तरी डहाळी बांधावीशी वाटली. चार दिवस दाढी केलेली नाही, पण एवढ्याने चालत नाही म्हणे.

सगुणाबाईच्या आठपैकी सहा झाडांना नंबर होते. तिचे किडे दिराच्या झाडांवर गेले. ती म्हणाली, "झाडं वाचन का साहेब?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. निम्मी तरी जातील असं वाटतं.

१० ऑक्टोबर
दुसरा रिपोर्ट लिहिला. "सदर रोग छाटणीमुळे नसून, पावसाळ्यात नंबर टाकताना केलेल्या जखमांमुळे पसरला आहे. सबब परवाना रद्द करू नये." प्रयोगशाळेचं पत्र जोडलं. पावसाळ्यात एवढंच लिहिलं, तारीख लिहिली नाही. वाटलं, कोण बघतंय.

२१ ऑक्टोबर
मोठे साहेब बघतात. रिपोर्ट परत आला, वर पेन्सिलीने: "आपल्या रजिस्टरप्रमाणे नंबर २८ मे रोजी टाकलेले आहेत. मग पावसाळ्यात कसे?"

चार वर्षांत त्यांनी माझं एक रजिस्टर उघडलं नाही. नेमकं हेच उघडावं.

गावात जाऊन एसटीडीवरून फोन लावला. साहेब चांगल्या आवाजात बोलले, तेच वाईट. म्हणाले, "अहो, कशाला उकरून काढता? तारीख खोटी म्हणाल तर खातेचौकशी लागेल, मला लावावीच लागेल. डिसेंबरात तुमची चंद्रपूरला बदली आहे. पहिला रिपोर्ट राहू द्या. त्यांना कुठेतरी दुसरं रान बघू." मी विचारलं, कुठे? म्हणाले, बघू. या बघूला मी वीस वर्षं ओळखतो.

मीटर पळत होतं म्हणून ठेवला. मीटरचं निमित्त झालं.

१ नोव्हेंबर
कुंदाला फोनवर सगळं सांगितलं. तारखेचंही. मी म्हटलं, काहीतरी बोल.

"तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग आधी ओरडणं थांबवा."

मी ओरडत नव्हतो. बूथवाला माझ्याकडे बघत होता, म्हणजे असेन. ती म्हणाली, सहा वर्षं बदलीची वाट बघतेय मी, पोरगी बारावीला आहे, मला विचाराल तर या घरी. पण त्या बाईची आठ झाडं मी पाहिलेली नाहीत, तुम्ही पाहिलीत. मग फोन कट झाला. तिने ठेवला की लाइन गेली, कळलं नाही.

परत येऊन रिपोर्ट काढला. "२८ मे ही नोंद चुकीची असून" एवढं लिहिलं. पुढे नाही गेलो. सगळेच टाकतात खोट्या तारखा. सगळ्यांच्या तारखेने शंभरावर झाडं मरत नाहीत, एवढाच फरक.

९ नोव्हेंबर
दिवाळीला घरी गेलो नाही. काम आहे म्हणून कळवलं. काम काही नाही. रिपोर्ट तसाच आहे. नंबर ९६ आणि १०३ पूर्ण वाळले.

आज मडावीवर विनाकारण खेकसलो. तो म्हणाला, "साहेब, रानाजवळ हाओ आपन." आता हाही शिकवतोय.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
कोसा निघाला. दोन दिवस काढणी चालू होती. वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला, पण गेल्या सालापेक्षा कमीच. आज दुपारी सगळ्यांनी तळ्यावर दाढ्या केल्या. माशांचा वास इथवर आला. म्हणजे सुटलं सगळं.

मडावी गुळगुळीत चेहऱ्याने आला. म्हणाला, उद्या सकाळी टोल्यातले सगळे तुमच्याकडे येणार आहेत, नोटीस घेऊन. बरं म्हटलं. खरं तर भीती वाटली, आणि लगेच बरंही वाटलं, का ते सांगता येत नाही. पंधरा दिवस हा अर्धा कागद टेबलावर घेऊन बसलोय. एकट्याने पुढची ओळ लिहिणं मला जमलेलं नाही. समोर बसून कोणी मला फाडून खाल्लं तर कदाचित जमेल. किंवा मी नेहमीसारखा उलटा ओरडेन आणि तारीख तशीच राहील. माझा मलाच भरवसा नाही.

दूधवाल्याला उद्या दोन लिटर जास्त टाकायला सांगितलं. बावीस माणसं, मडावी, मी. शेजारच्या नाकेदाराकडून कप मागून आणले. सतरंजी झटकली.

संध्याकाळी सगुणाबाई आली. टोपली नव्हती. दारातच उभी राहिली. उद्या तीही येणार आहे, रानात मनाई आहे, माझ्या क्वार्टरात नाही. मी म्हटलं, या सगळे, चहा घेऊ आणि बोलू.

"चाय ठेवू नोका साहेब. दीरभाऊनं तेच सांगाले धाडलं मले."

"का?"

"तुमचा चाय पेलो का मंग भांडता येत नाई."

ती गेल्यावर दूधवाल्याकडे जाऊन जास्तीचं दूध नको म्हणून सांगून आलो.